पोराचं बीपी कोणत्या पट्ट्याने मोजलं, ते आधी विचारा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बायकोचं वजन दिवस राहायच्या आधीच ८६ किलो, पुढे शुगरही निघाली, पोरगा आता चार वर्षांचा, आणि कोणीतरी सांगितलं की आईच्या लठ्ठपणाने पोराच्या किडन्या पुढे खराब होतात. तेव्हापासून घरात तिला बोलणं खावं लागतंय. अहो, ही आमच्याच घरची गोष्ट आहे. फरक एवढाच की त्यातली बायको म्हणजे मी. माझं वजन ८२ होतं.

पहिलं म्हणजे ते बोलणं थांबवा. मला सकाळ-संध्याकाळ तुपातले डिंकाचे लाडू 'दोन जीवांचं खा' म्हणून ज्यांनी चारले, त्यांनीच नंतर 'इचं वजनच लय होतं बाप्पा' म्हटलं. मी डॉक्टर नाही, पण नागपूरच्या किडनीवाल्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत पोटातच तयार होतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. जन्मानंतर नवीन एकही होत नाही. आईचं जास्तीचं वजन, शुगर, त्यामुळे शरीराच्या आत राहणारी सूज (हातापायांवरची नव्हे, आतला दाह) यांचा त्या बांधणीवर परिणाम होऊ शकतो. गाळण्या कमी पडल्या की उरलेल्यांवर जास्तीचा भार येतो, आणि वर्षांनी लघवीतून प्रोटीन जायला लागतं, बीपी चढतं. यातलं बरंचसं उंदरांवर पाहिलेलं आहे. माणसांत धोका वाढतो इतकंच म्हणता येतं, होणारच असं नाही. शिवाय पोराचं स्वतःचं वजन पुढे किती वाढतं यावर खूप काही आहे.

आता आमची खरी चूक. पोरगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही त्याला जवळच्या एका सरकारी दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही, तिथे आजही जावं लागतं). बीपी बघा म्हटलं तर आधी हसले. 'लहान पोराले कुठं बीपी असते?' मग मोठ्या माणसाचा पट्टा त्याच्या काडीएवढ्या दंडाला गुंडाळला. आकडा आला १००/६०. 'नॉर्मल आहे, जा.' पुढच्या दोन वर्षांत आणखी दोनदा गेलो, तोच पट्टा, तेच उत्तर. सहाव्या वर्षी मी 'लहान कफ आहे का', म्हणजे बीपीचा लहान पट्टा, असं विचारलं, तर सिस्टरने खोकल्याचं औषध काढून दाखवलं!

दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला की आकडा खोटा कमी येतो. हे मला सातव्या वर्षी नागपुरात कळलं. तिथे लहान पट्ट्याने ११८/७८ आलं. मोठ्या माणसाला हे चालतं, सात वर्षांच्या पोराला नाही. त्यांचा तक्ता वय, उंची आणि मुलगा-मुलगी बघून असतो. तीन वेगवेगळ्या भेटींत तेच आलं तेव्हा पक्कं धरलं. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रोटीन, तेही वाढलेलं होतं. अडीच वर्षं त्या एका पट्ट्यापायी गेली, आणि दोष मी स्वतःलाही देते. 'नॉर्मल' ऐकायला गोड वाटलं म्हणून मी वाद घातला नाही.

म्हणून दादा, आत्ताच योग्य मापाच्या पट्ट्याने बीपी घ्या, पोरगा शांत बसलेला असताना, रडत असताना नको. आणि सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी करा. ३० च्या आत (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) ठीक. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीच्या तपासणीत थोडं प्रोटीन दिसतच नाही, त्यावर समाधान मानू नका. ताप असेल किंवा आदल्या दिवशी खूप धावपळ झाली असेल तर तेव्हा करू नका, उगाच जास्त येतं. आम्ही नमुना बर्फाच्या थर्मासमध्ये घालून पहाटेच्या एसटीने नेतो, कंडक्टरला ताक आहे म्हणून सांगतो.

कोणी वरण बंद करा म्हणेल. आमच्याकडे एका नात्यातल्याने सांगितलं आणि पोरगा महिनाभर नुसता भात खाऊन राहिला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डाळ तोडू नका. तोडायचं असेल तर कुरकुरे, पापड, लोणचं तोडा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ताप-उलट्यांत पोराचं पाणी आटलेलं असताना आयब्युप्रोफेनचं औषध मनाने देऊ नका, ते किडनीवर जातं.

दुसऱ्या पोराचा विचार असेल तर वजन दिवस राहायच्या आधी उतरवा, पोटात असताना उपाशी राहून नाही. शुगरची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत मागा, सहाव्या महिन्यात परत. दोन तासांनी १४० किंवा वर आलं तर त्या दिवशीच बोला. माता-बाल कार्ड जपून ठेवा. माझं पावसाळ्यात घर गळलं तेव्हा गेलं, आणि नागपुरात पहिला प्रश्न तोच होता, जन्माचं वजन किती, शुगर किती.

तुमच्या तालुक्यात लहान पट्टा कुठे सापडला तर इथे लिहा. इथल्या आणखी दोघी-तिघी विचारत आहेत.