बारा फुटांच्या होडीला किती अश्वशक्ती?

प्रश्न : ताई, नमस्कार. पानशेतच्या बॅकवॉटरला लागून आमची थोडी शेती आहे. पलीकडच्या काठावर सासरेबुवांचं घर, मधलं पाणी साधारण एक किलोमीटर. बारा फुटांची फायबरची होडी घेतली आहे. तळ सपाट, मागची फळी चार फूट रुंद, होडीचं वजन 90 किलो. मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि थोडं सामान एवढाच भार. आत्तापर्यंत वल्ही मारली, आता खांदा साथ देत नाही. दुकानदार म्हणतो, पंधराची मोटर घ्या, पुढे कमी पडायला नको. मित्र म्हणतो, अडीचची पुरे. कोणाचं ऐकू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. पाच किंवा सहा अश्वशक्तीची घ्या, आणि चार स्ट्रोकचीच घ्या. का ते आता सांगते.

पंधराचं नाव वाचलं आणि मला 1996 सालची दिवाळीनंतरची एक सकाळ आठवली. आमच्याकडेही अशीच बारा फुटी, सपाट तळाची होडी होती. वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊन पडलेलं पंधराचं दोन स्ट्रोक इंजिन माझ्या धाकट्या भावाने तिला लावलं. मी बघत होते आणि मी अडवलं नाही, हे मला आजही लागतं. पस्तीसेक किलोचं इंजिन मागच्या फळीवर आणि सत्तर किलोचा भाऊ त्याला चिकटून बसलेला. फळीची वरची कड पाण्यापासून वीतभरसुद्धा राहिली नव्हती. त्याने थ्रॉटल दिला तशी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उभी राहिली, समोरचं काही दिसेना, आणि घाबरून त्याने थ्रॉटल एकदम बंद केला. होडी जागच्या जागी बसली, पण तिने मागे उठवलेली लाट थांबली नाही. ती फळीवरून सरळ आत आली. मागून होडी बुडाली, नाळ तेवढी वर राहिली. जॅकेट अंगात होतं म्हणून तो नाळेला धरून तरंगत राहिला. दुसरी होडी पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवसापासून कोणीही मोटरबद्दल विचारलं की मी आधी मागच्या फळीबद्दल विचारते.

आता तुमच्या होडीचा हिशेब करू. होडी पाणी कापत चालते तोवर तिच्या वेगाला तिच्या लांबीची वेसण असते. पाण्यात असलेल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढायचं आणि त्याला 1.34 ने गुणायचं, की तो वेग नॉटमध्ये मिळतो. बारा फुटांना तो 4.6 नॉट येतो, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर. त्या वेगाला होडीने उठवलेली लाट होडीएवढीच लांब झालेली असते, आणि होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. पुढे जायचं तर तो चढ ओलांडून पाण्याच्या वर उठून घसरत जावं लागतं. याला प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही एक ठोकताळा वापरतो, दर 25 किलोंना एक अश्वशक्ती.

तुमचा भार मांडते. होडी 90, इंजिन 25, तुम्ही दोघं मिळून 130, मुलगा 30, पेट्रोल, नांगर, दोर, पिशव्या मिळून 40. एकूण 315 किलो. भागिले 25, म्हणजे साडेबारा अश्वशक्ती. आता दुसरी बाजू. वीस फुटांखालच्या होड्यांसाठी अमेरिकन कोस्ट गार्डचा एक सोपा नियम आहे, तो मी आपल्याकडेही वापरते. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. तुमचं उत्तर 48. हा आकडा 46 ते 52 मध्ये असला तर कमाल मर्यादा 15 अश्वशक्ती. दुकानदाराने बहुधा इथपर्यंतच पाहिलं. पण सपाट तळाच्या, कडेला काटकोनी वळलेल्या होडीला तो नियमच एक पायरी खाली उतरवतो, म्हणजे 10.

थोडक्यात, जे इंजिन तुमच्या भरल्या होडीला पाण्यावर उचलेल ते तिला पेलवणार नाही, आणि जे पेलवेल ते तिला उचलणार नाही. आठाचं किंवा दहाचं लावलंत तर होडी त्या चढावरच नाळ वर करून ढकलली जाईल. दहाचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल पितं, आणि वजनही चाळीस किलोच्या घरात. पाचाचं निम्म्या पेट्रोलमध्ये भागतं. त्याने तुमचा एक किलोमीटर सात-आठ मिनिटांत होईल. वाचणाऱ्या चार मिनिटांसाठी मुलाला घेऊन त्या फळीवर चाळीस किलो टांगायचे का, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे.

मग अडीचची का नको? शांत पाण्यात ती तुम्हाला नेईल, मित्राचं त्यात चुकलेलं नाही. पण पानशेतला उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरातून वारा उतरतो आणि वळवाच्या आधी तर पाणी दहा मिनिटांत बदलतं. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. ते दुःख पुणे-सोलापूरकडचं कोणी विसरलेलं नाही. समोरून वारा आला की अडीचच्या इंजिनाला होडी जागेवर धरण्यातच दम लागतो. शिवाय बहुतेक अडीचच्या मोटरींना रिव्हर्स गिअर नसतो, इंजिनच फिरवून उलटं करावं लागतं, आणि आतली टाकी लिटरभराची. आणखी एक गोष्ट. पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते. कोकणातल्या खाडीत ज्या मोटरीचं कौतुक ऐकलंत ती इथे सहा टक्के कमीच देणार. पाचामधून ते गेलं तर कळत नाही, अडीचमधून गेलेलं कळतं.

एक आतली गोष्ट सांगते. अनेक कंपन्यांची चार, पाच आणि सहा अश्वशक्तीची इंजिनं एकाच ब्लॉकवर बनतात, वजन जवळपास सारखंच. किमतीतला फरक परवडत असेल तर सहाचं घ्या, फळीवर जास्तीचा भार पडत नाही. चार स्ट्रोकचा आग्रह अशासाठी की जुन्या दोन स्ट्रोक इंजिनातून न जळलेलं पेट्रोल आणि तेल थेट पाण्यात जातं, आणि पानशेतचं पाणी खडकवासल्यातून तुमच्या कोथरूडच्या नळाला येतं.

इंजिन घेण्याआधी शाफ्ट, म्हणजे मोटरीचा पाण्यात उतरणारा दांडा, किती लांब हवा ते मोजा. हे कोणी करत नाही आणि मग माझ्याकडे येतात. फळीच्या वरच्या कडेच्या मध्यापासून खाली तळापर्यंत सरळ माप घ्या. 15 इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच आलं तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी हलत नाही. लांब झाला तर पाणी अडतं, आणि एप्रिलमध्ये धरण उतरलं की वर आलेले खडक पंख्याला लागतात. लहान मोटरींच्या पंख्याला बहुधा एक पिन असते, आघात झाला की गिअरऐवजी ती तुटते. तशा दोन पिना आणि पक्कड होडीतच ठेवा, घरी नाही. वल्हीही विकू नका.

इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला लावल्याशिवाय दोरखेच मारायची नाही. मुलाला पुढच्या बाजूला, मधल्या रेषेत बसवा. आणि धरणात मोटर चालवायची तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी, खरेदी नंतर. यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली येते, त्याचीही चौकशी तेव्हाच करून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या दहा फुटी होडीला 55 पाउंडांची विजेची ट्रोलिंग मोटर चालेल का? पेट्रोलचा वास नको वाटतो. – एक वाचक, भिगवण

उत्तर : पक्षी बघायला चालेल, आणि आवाज नसल्यामुळे मला तर ती फार आवडते. फक्त पाउंड म्हणजे मोटरीचा ढकलण्याचा जोर, अश्वशक्ती नव्हे. ही मोटर पूर्ण वेगात 12 व्होल्टवर 50 अँपिअर ओढते, म्हणजे 600 वॅट, एक अश्वशक्तीही नाही. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तेव्हा पूर्ण वेगात हाती एकच तास. मंद चालवलीत तर सकाळ निघते. बॅटरी 25 ते 30 किलोंची असते, ती मोटरीशेजारी न ठेवता होडीच्या मध्यावर ठेवा आणि केबल तेवढी जाड आणि लांब करून घ्या. वारा सुटला की परत यायला मात्र ती पुरणार नाही, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाकडे जा.