हुमणी मारणारी बुरशी उसाला लागेल का?

प्रश्न (वाळवा तालुका): खोडव्यात मेटारायझियम टाकलं होतं. परवा बुडखा उकरला तर हुमणीच्या अळ्या कडक होऊन मेलेल्या, अंगावर हिरवी भुकटी. बुरशीच ती, उद्या उसाच्या मुळांना लागली तर?

उत्तर: दादा, त्यातली एक अळी मोडून पाहा. खडूसारखी तुटेल, आत पांढरी, भरीव. ती सगळी बुरशी. वरची हिरवी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. अळ्या बांधावर फेकू नका, तिथंच मातीआड करा. ओल मिळाली की हेच बीजाणू दुसऱ्या अळीच्या कातडीला चिकटतात आणि कातडी भेदून आत शिरतात. अळीनं काही खायची गरज पडत नाही.

तुमची शंका मात्र रास्त आहे. बाजरीवर अरगट रोग आणणारी बुरशी मेटारायझियमच्याच कुळातली. पण नातं उलट्या बाजूनं समजून घ्या. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की अरगटाचे पूर्वजच किड्यांवर, प्राण्यांवर जगणारे होते. गवतवर्गीय पिकांकडे ते नंतर वळले. मेटारायझियमनं किडा सोडला नाही. ती मुळांभोवती राहते, पण पीक खात नाही. उलट मेलेल्या अळीतला नत्र या बुरशीवाटे झाडात गेल्याचं प्रयोगांत सिद्ध झालं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं: मुळं खाणारी हुमणीच शेवटी मुळांना खत देते! उसावरचा तांबेरा तर फार लांबचा, अळिंबीच्या गोतातला. त्याचा इथं संबंध नाही.

पुढच्या वेळी मेटारायझियम हेक्टरी 20 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना द्या. त्याच सुमारास रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केलीत तर हीसुद्धा मरेल.

प्रश्न (कराड तालुका): माझी रेशीमकिड्यांसाठी तुतीची बाग आहे. शेजारी भाजीवर बिव्हेरिया ही कीड मारणारी बुरशी फवारतात. चालेल का?

उत्तर: नाही, ताई. बिव्हेरियाचं कुळ मेटारायझियमहून वेगळं, पण कामाची रीत तीच आणि रेशीमकिडा तिला बळी पडतो. इटलीत आगोस्तिनो बासी यांनी 1835 मध्ये रेशीमकिड्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं, ती हीच बुरशी. तिच्या ‘बिव्हेरिया बॅसियाना’ या पूर्ण नावातला ‘बॅसियाना’ हा शब्द त्यांच्यावरूनच आला. शेजाऱ्यांना आजच सांगा, आणि फवारा उडालेला पाला अळ्यांना घालू नका. संगोपनगृहात एखादी अळी कडक, चुन्यासारखी पांढरी दिसली तर हात न लावता चिमट्यानं उचलून जाळून टाका.