आधी पैसे, मग पावत्या

प्रिय,

वादळ-पुरासाठी अनुदान देणाऱ्या संस्थेतल्या नव्या नोकरीचं अभिनंदन. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर वस्त्यांमधल्या पुढाऱ्यांना 'सक्षम करणं' हे तुझं काम, असं नेमणूकपत्रात लिहिलंय म्हणतोस. तो शब्द तेवढा मनातून काढ. ती माणसं सक्षमच आहेत. घोडं पेंड खातं ते पैशाच्या नियमांपाशी.

२००५च्या कतरिना वादळानंतर तिथे घरं पुन्हा उभारायला मदत देणारी 'रोड होम' योजना आली. घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जे कमी त्यावर मदत ठरायची. ऐकायला रास्त वाटतं ना? पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराला बाजार मुळातच कमी भाव देत होता. लाकूड आणि सुतार मात्र सगळ्यांना एकाच दराने. यावरून खटला झाला, आणि तडजोड व्हायला २०११ उजाडलं. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता, हे ध्यानात ठेव.

त्याच शहराच्या पूर्वेला व्हिएतनामी वस्ती आहे. फादर व्हिएन यांच्या चर्चभोवती लोक लवकर परतले, आणि शेजारी उघडलेला वादळी ढिगाऱ्याचा डेपो २००६मध्ये त्यांनी बंद करायला लावला. कोणाची आजी कुठल्या घरात एकटी आहे हे पाठ असलेली माणसं, हीच त्यांची यंत्रणा.

आता माझी चूक. २०१७ला हार्वे वादळानंतर ह्यूस्टनमध्ये एक बाई चर्चच्या हॉलमध्ये रोज जेवण रांधायची. आमच्या अनुदान-संस्थेचा बावीस पानी फॉर्म ती रात्री अकराला, भांडी घासून झाल्यावर भरायला घ्यायची. पावत्या बुटांच्या खोक्यात. तांदळाच्या पावतीवर सूप सांडलं होतं म्हणून आमच्या हिशेबनिसाने ती परत पाठवली, आणि त्या पत्रावर सही माझी होती. आधी खर्च, मग परतफेड, हा आमचा नियम. मधलं क्रेडिट कार्डाचं व्याज तिने भरलं.

बैल गेला आणि झोपा केला, असलं अनुदान देऊ नकोस. वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, त्याच्या आत पैसे त्यांच्या खात्यात असू देत. त्यांच्या वेळेचा पगार त्यात धर. अमेरिकी केंद्र सरकारच्या पूर-प्रतिबंधक निधीला बहुधा २५ टक्के स्थानिक वाटा लागतो, आणि गरीब वस्तीचा अर्ज तिथेच अडतो. तो वाटा तुम्ही उचला, वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी.

पहिल्या भेटीला लॅपटॉप नेऊ नकोस. पावत्यांचे फोटो काढायला फोन पुरतो, आणि ते तू काढ.

— काकू