व्हेगा की डॅटसन? आणि पिंटोची टाकी

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. सत्तरच्या दशकातली एक छोटी गाडी घेऊन जपायची आहे. शेव्हरोले व्हेगा आवाक्यात आहे, डॅटसन 510 बरीच महाग. जास्तीचे पैसे मोजावेत का?

उत्तर : मोजा, पण पत्रा शाबूत असेल तरच. 510 चं 1595 सीसीचं एल16 इंजिन म्हणजे बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यात चेनने फिरणारा कॅमशाफ्ट. डॅटसनच्याच 240झेड या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग मिळतात. सेडानला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, स्टेशन वॅगनला नाही. बीआरई या रेसिंग संघाने 1971 आणि 72 ला ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यतमालिकेतला अडीच लिटरचा गट याच गाडीवर जिंकला. दोन दारांच्या 510 ला आजही भाव आहे तो त्यामुळेच.

ही गाडी संपते ती गंजाने. कार्पेट उचलून फ्लोअर बघा; बॅटरीखालचा पत्रा, दाराखालचे सिल, स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या चासी रेल (गाडीखालच्या लांब पट्ट्या) तपासा. चुंबक पातळ कपड्यात गुंडाळून कडेकडेने फिरवा. पकड सुटली तिथे आत पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. रेल कुजल्या असतील तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका, कारण इंजिन पुन्हा बांधता येतं, नवा सांगाडा मिळत नाही.

व्हेगाचं दुखणं इंजिनातच आहे. 2300 सीसीचा ब्लॉक सिलिकनयुक्त ॲल्युमिनियमचा, सिलिंडरना आतून लोखंडी अस्तर (लायनर) नाही, आणि वर बिडाचं हेड. एकदा तापली की ब्लॉक वाकतो, गॅस्केट जातं, कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं आणि भिंती ओरबाडल्या जातात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करायला लावा. निळा धूर क्षणभर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत, ते काम किरकोळ. चढावर जोर देताना सतत येत राहिला तर बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, गेलेत. कोणी आधीच सिलिंडरमध्ये स्टीलचे स्लीव्ह (अस्तर) बसवले असतील आणि बिल दाखवत असेल, तर ती व्हेगा बिनधास्त बघा. पुढचे फेंडर आणि काचेखालची पट्टी मात्र तिच्यातही कुजते.

संग्रहासाठीच व्हेगा हवी असेल तर 1975-76 ची कॉसवर्थ व्हेगा ही खास आवृत्ती शोधा. दोन लिटर, ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन, एकूण 3,508 गाड्या. डॅशवर क्रमांकाची पट्टी असते, ती कागदपत्रांशी ताडून घ्या.

प्रश्न : फोर्ड पिंटो घ्यायला भीती वाटते. पेट्रोलच्या टाकीचा धोका अजून आहे का?

उत्तर : ते गाडीगणिक बघावं लागतं. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे. मागून धडक बसली की ती डिफरन्शियलच्या बोल्टवर दाबली जाऊन फाटायची, पेट्रोल भरायचा फिलर पाइपही उपसून यायचा. 1978 मध्ये फोर्डने 1971 ते 76 च्या सेडान आणि रनअबाउट (हॅचबॅक) पिंटो परत बोलावून टाकीपुढे प्लास्टिकची ढाल आणि जास्त लांब फिलर पाइप बसवून दिला. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गाडी स्टँडवर घ्या, खाली शिरा, टाकी आणि ॲक्सलच्या मधली ढाल डोळ्यांनी बघा. नसेल तर ती बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. फिलरचं रबर आणि इंधनाचे होज चिरले असतील तर इथेनॉल सोसणारे नवे घाला. मूळ रबर आजच्या पेट्रोलपुढे टिकत नाही.