एक आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की दोन आरटीएक्स ३०६०?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आहे. १४४०पी स्क्रीनवर गेम, थोडंफार ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) आणि घरच्या मशीनवर एआयचं भाषा-मॉडेल, एवढी कामं. तेवढ्याच पैशांत १२ जीबी मेमरीचं एक ४०७० येतं किंवा १२-१२ जीबीची दोन ३०६०.

एकच ४०७० घ्या. याला अपवाद फक्त भाषा-मॉडेलचा, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

गेममध्ये दुसरं ३०६० काहीही करणार नाही. दोन कार्डं जोडणारी एनव्हीलिंकची खाच जीफोर्सच्या ३० मालिकेत फक्त ३०९० घराण्याला होती आणि ४० मालिकेत ती कुठेच नाही. एसएलआय म्हणजे दोन कार्डांनी मिळून एक गेम चालवायची पद्धत; तिची जुन्या कार्डांसाठी नवी प्रोफाइल्स (गेमनुसार सेटिंग्ज) देणंही एनव्हीडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवलं. मूळ अडचण अशी की एसएलआयमध्ये एक फ्रेम पहिलं कार्ड काढायचं, पुढची दुसरं. आजचे गेम टीएए आणि डीएलएसएस या चित्र सुधारण्याच्या तंत्रांसाठी आधीच्या फ्रेमचा डेटा वापरतात, म्हणजे दुसऱ्या कार्डाला पहिल्याची वाट पाहत थांबावं लागतं. शिवाय मेमरीची बेरीज होत नाही, तेच टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) दोन्हीकडे भरावं लागतं. गेम ज्यावर चालतात त्या विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ मध्ये दोन कार्डं वापरायची सोय आहे, पण तिचं काम गेम बनवणाऱ्यांनी स्वतः करायचं असतं आणि जवळपास कुणी ते करत नाही.

ब्लेंडरचं चित्र वेगळं आहे. त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन (अंतिम चित्र काढणारा भाग) दोन्ही कार्डं कामाला लावतं; प्रेफरन्सेस, सिस्टीममध्ये ऑप्टिक्स निवडून दोन्हींवर टिक करा, झालं. पण सीन प्रत्येक कार्डाच्या १२ जीबीत पूर्ण मावायला हवा, २४ जीबी धरून चालू नका. ईव्ही हे ब्लेंडरचं दुसरं, झटपट रेंडर इंजिन तर एकाच कार्डावर चालतं. आणि दोन ३०६० मिळूनही सायकल्समध्ये एका ४०७०च्या मागेच राहतात.

आता भाषा-मॉडेल. इथे मात्र मेमरीची खरोखर बेरीज होते, कारण लामा.सीपीपी किंवा ओलामा ही मॉडेल चालवणारी सॉफ्टवेअर मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून ठेवतात. ३२ अब्ज पॅरामीटरचं, ४ बिटांचं मॉडेल साधारण २० जीबीचं असतं. एक टोकन (शब्द किंवा त्याचा तुकडा) काढायला ते अख्खं एकदा वाचावं लागतं, म्हणून वेग ठरतो मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाचता येतो त्यावर. ३०६०ची बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी. ३६० भागिले २०, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १८ टोकन. प्रत्यक्षात त्याहून कमीच. कार्डं आळीपाळीने काम करतात, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही, फक्त जागा दुप्पट होते. तेच मॉडेल ४०७०वर टाकलं तर जवळपास अर्धं साध्या रॅममध्ये सांडतं, आणि दोन चॅनलच्या डीडीआर४-३२०० रॅमची बँडविड्थ सेकंदाला जेमतेम ५१ जीबी. वेग सेकंदाला पाच टोकनच्या आत येतो. याउलट १४ अब्जांचं मॉडेल, सुमारे ९ जीबीचं, ४०७०मध्ये आरामात बसतं आणि तिथे ५०४ जीबीची बँडविड्थ ३०६०ला सहज मागे टाकते. तेव्हा रोजचं मुख्य काम २० जीबीच्या आसपासची मॉडेलं चालवणं हेच असेल, तरच दोन ३०६०.

तसं ठरलंच तर आधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. बहुतेक बी५५० बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स१६, पण चिपसेटमधून येणारा पीसीआयई ३.० एक्स४ असतो, म्हणजे डेटाच्या वाटा (लेन) सोळाऐवजी चारच. थर वाटण्याच्या पद्धतीत कार्डांमध्ये फार थोडा डेटा जातो, त्यामुळे हे चालतं. मॉडेल लोड व्हायला थोडा वेळ लागतो, इतकंच. प्रत्येक थरच ओळींनुसार दोन कार्डांत वाटणारा पर्याय मात्र इथे रडतो, तो निवडू नका. काही बोर्डांवर हा स्लॉट एसएसडीच्या दुसऱ्या एम.२ स्लॉटशी किंवा डिस्कच्या साटा पोर्टांशी लेन वाटून घेतो, तेही बघा.

दोन कार्डं १७०-१७० वॉटची, म्हणजे ३४० वॉट. प्रत्येकाला एसएमपीएसपासून स्वतंत्र ८ पिनची केबल द्या, एकाच केबलची दोन टोकं नकोत. ६५० वॉटवर भागवायचं असेल तर ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या एनव्हीडिया-एसएमआय या कमांडमधून दोघांची वीजमर्यादा १३० वॉटवर आणा. टोकनचा वेग फारसा पडत नाही आणि उष्णताही घटते. उष्णतेचा खरा त्रास वरच्या कार्डाला होतो, खालचं चिकटून बसलं तर त्याच्या पंख्यांना हवाच मिळत नाही. मध्ये निदान एका स्लॉटची फट राहील असा बोर्ड हवा. मायक्रो-एटीएक्स या छोट्या आकाराच्या बोर्डावर बहुधा ती राहत नाही, आणि राहिलीच तर खालचं कार्ड कॅबिनेटच्या समोरच्या यूएसबीच्या पिनांवर येतं.

खरेदी करताना खोक्यावर १२ जीबी लिहिलंय ना, ते स्वतः वाचा. ३०६०चं ८ जीबीचंही रूप बाजारात आहे आणि त्याची बँडविड्थ ३६० ऐवजी २४० आहे. बसवल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कार्डांची लिंक (स्लॉटशी जोडणीचा वेग) तपासा, पण काही रेंडर चालू ठेवून. रिकाम्या वेळी कार्ड वीज वाचवायला लिंकचा वेग खाली आणतं आणि उगाच स्लॉट बिघडल्याची शंका येते.