एकट्याने विक्रमी उड्डाण करताना सगळ्यात अवघड काय असतं?

तुम्ही विचारलंय की प्रायोगिक विमानातून एकट्याने हजारो किलोमीटरचा विक्रम करायला निघालेल्या वैमानिकाला सगळ्यात जड काय जातं, झोप आवरणं की एकटेपणा?

माझं मत विचाराल तर दोन्ही नाही. सगळ्यात जड असतात ते सुरुवातीचे तास. मी हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान (ग्लायडर) उडवायला शिकलो. तिथे आमचे प्रशिक्षक आम्हाला सगळ्यात जास्त घोकून घ्यायचे ते विंचने (केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने) ग्लायडर वर ओढलं जात असतानाच केबल तुटली तर काय करायचं, हे. विक्रमी उड्डाणांबद्दल वाचायला लागल्यावर हीच गोष्ट तिथेही दिसत गेली, फक्त कित्येक पटींनी मोठी.

अमेरिकन साहसवीर स्टीव्ह फॉसेट यांचं ग्लोबलफ्लायर बघा. विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या कंपनीने बनवलेलं कार्बन फायबरचं विमान. एकच जेट इंजिन आणि जवळपास 35 मीटर लांबीचे पंख. पूर्ण भरल्यावर वजन सुमारे 10 टन आणि त्यातलं 80 टक्क्यांहून जास्त नुसतं इंधन! म्हणजे टेकऑफच्या वेळी ती पंख लावलेली टाकीच. असं विमान मोठ्या संख्येने विकायला बनवलेलं नसतं, त्यामुळे प्रवासी विमानांचं प्रमाणपत्र त्याला नसतं. ते प्रायोगिक वर्गात नोंदवतात. (आपल्याकडे अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर उभारलेल्या विमानाची 2017 मध्ये झालेली नोंदणीही याच वर्गातली.)

28 फेब्रुवारी 2005 ला फॉसेट कॅन्सस राज्यातल्या सलाइनाहून निघाले. विमान वर चढत असतानाच टाक्यांच्या व्हेंटमधून (हवा जायच्या वाटेतून) सुमारे 1,200 किलो इंधन बाहेर गेलं. ते लगेच कळलंही नाही. पुढे हिशोबाने जितकं इंधन उरायला हवं होतं आणि जितकं दिसत होतं, त्यांचा मेळ बसेना. जगप्रदक्षिणेच्या विक्रमासाठी किमान कर्कवृत्ताच्या लांबीइतकं, म्हणजे साधारण 36,788 किलोमीटर अंतर कापावं लागतं आणि त्यांचा मार्ग जेमतेम सव्वाशे किलोमीटरच जास्त होता. हवाई बेटांवर उतरून मोहीम सोडायची की पाठीमागच्या वाऱ्याच्या भरवशावर अमेरिका गाठायची, हा निर्णय पॅसिफिकवर घ्यायचा होता. ते पुढे गेले आणि 67 तासांनी सलाइनालाच उतरले. न थांबता, वाटेत इंधन न भरता, एकट्याने विमानातून केलेली ही पहिली जगप्रदक्षिणा. पण पॅसिफिकवरच्या त्या सगळ्या घोराचं मूळ पहिल्या दिवसात होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी केनेडी स्पेस सेंटरची धावपट्टी निवडली. स्पेस शटल उतरायचं तीच, साडेचार किलोमीटर लांब. तिथेही टेकऑफच्या वेळी पक्षी आदळले आणि थोडं इंधन गळालं. इंधनाने भरलेल्या पंखांना हवेचे तडाखे सोसत नाहीत, आणि या खेपेला नेमके आपल्या भोपाळच्या आसपास जबर तडाखे बसले. शेवटी 76 तास 45 मिनिटांनी, 41,467 किलोमीटर कापून ते इंग्लंडमध्ये बोर्नमथला उतरले. खरं तर ठरलं होतं केंटमधलं मॅन्स्टन, पण विजेच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने आधीच उतरावं लागलं. एक गंमतही सांगतो: हे विमान इतकं छान तरंगायचं की खाली यायला त्याला छोटी पॅराशूट उघडावी लागत.

इंधनच नसेल तर? मला सर्वांत आवडतं ते फक्त सूर्यप्रकाशावर उडणारं सोलर इम्पल्स 2. पंख 72 मीटर, वजन जेमतेम 2.3 टन, अंगावर 17 हजारांहून जास्त सौर घट. मार्च 2015 मध्ये ते अहमदाबाद आणि वाराणसीला उतरून पुढे गेलं होतं. त्याच वर्षी 28 जूनला स्विस वैमानिक आंद्रे बोर्शबर्ग ते घेऊन जपानमधल्या नागोयाहून हवाईला एकटेच निघाले. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, गरम ठेवायची सोय नाही. दिवसा साडेआठ हजार मीटरपर्यंत चढून बॅटऱ्या भरायच्या, रात्री हळूहळू उंची सोडत जायचं. झोप म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या, आणि सीट तीच शौचालयही. तुम्ही विचारलेल्या झोपेची इतकी बारीक आखणी आधीच झालेली असते. योगासनं करून ते अंग मोकळं ठेवत.

आखणीत न बसणारी गोष्ट पहिल्याच दिवशी घडली. विमान मार्गावरून ढळलं तर झोपलेल्या वैमानिकाला जागं करणारी यंत्रणा नीट चालेना. जमिनीवरच्या इंजिनिअरांचं म्हणणं पडलं, जपानला परत या. बोर्शबर्ग यांनी नाही म्हटलं. परतायचं तर तेव्हाच. आणखी पुढे गेल्यावर खाली नुसता समुद्र. एकट्या माणसाने असं ठरवणं मला पाच रात्री जागण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं.

117 तास 52 मिनिटांनी ते हवाईला उतरले आणि एकट्याने सलग उडण्याचा सर्वाधिक वेळाचा विक्रम झाला. त्यानंतर कळलं की पहिल्या दिवशीच्या भराभर चढण्यात बॅटऱ्या प्रमाणाबाहेर तापून बिघडल्या होत्या, कारण त्यांच्याभोवती उष्णतारोधक आवरण गरजेपेक्षा जास्त होतं. नव्या बसवून विमान पुढच्या प्रवासाला निघायला एप्रिल 2016 उजाडला.