हजारो कोअर, पण काम किती जणांना?

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो सांगतो की ग्राफिक्स कार्डात हजारो कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, असतात. मग सरळ दर पिक्सेलला एक कोअर का नाही देत? फुल एचडी स्क्रीनवर पिक्सेल जेमतेम २१ लाख.
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, हे करून झालंय! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, हेन्री फुक्स आणि जॉन पोल्टन यांच्या टीमने ८०च्या दशकात पिक्सेल-प्लेन्स नावाचं मशीन बांधलं. त्यातल्या चौथ्या मॉडेलमध्ये ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल, आणि प्रत्येकाला स्वतःचा एकेका बिटवर चालणारा छोटासा प्रोसेसर, म्हणजे २ लाख ६२ हजार प्रोसेसर. थ्रीडी चित्र त्रिकोणांचं बनलेलं असतं; एका त्रिकोणाच्या कडेचं समीकरण आलं की सगळे पिक्सेल एकदमच तपासणार, मी आत की बाहेर. त्रिकोण केवढाही असो, वेळ तेवढाच. भारी ना?

घोळ असा की त्रिकोण एकामागून एक येतात, आणि ५० पिक्सेलचा त्रिकोण आला तर बाकीचे अडीच लाख नुसते बसून. पन्नास पानांच्या पंगतीला दोन लाख वाढपी! म्हणून पुढच्या मॉडेलात १२८ गुणिले १२८चे वेगवेगळे गट केले आणि स्क्रीनचा एकेक तुकडा एकेका गटाला वाटून दिला.

चिप डिझाइनमधली खरी डोकेदुखी तीच, कोअर वाढवणं सोपं आहे हो, त्यांना कामाला लावणं अवघड. सेकंदाला ६० फ्रेम (पूर्ण चित्रं) हवे तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि मेमरीतून टेक्श्चर (त्रिकोणावर चिकटवायचं चित्र) आणायलाच चिपच्या घड्याळाचे शेकडो ठोके, म्हणजे सायकल, जातात. एनव्हिडियाच्या चिपमध्ये ३२ थ्रेडचा (एकेका छोट्या कामाच्या धाग्याचा) एक गट असतो, एकच सूचना सगळे मिळून पाळतात, आणि एक गट मेमरीची वाट बघत अडकला की लगेच दुसरा पुढे, त्यासाठी सगळ्यांचे रजिस्टर (चालू आकडे ठेवायचे कप्पे) चिपवरच तयार ठेवावे लागतात, जागा त्यातही बरीच जाते. (खोक्यावर छापलेला कोअर म्हणजे साधारण एक गणित करणारं युनिट, सीपीयूच्या कोअरशी त्याची तुलना करू नका, ती मार्केटिंगवाल्यांची कृपा.)

छोट्या त्रिकोणांचं दुखणं मात्र अजून गेलेलं नाही. शेडिंग, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणं, दोन-बाय-दोनच्या चौकडीत होतं, त्यामुळे त्रिकोण एकाच पिक्सेलवर पडला तरी काम चौघांचं. म्हणूनच अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं नॅनाइट हे तंत्र अगदी बारीक त्रिकोणांसाठी चिपमधलं तयार रास्टरायझर (त्रिकोणात कुठले पिक्सेल येतात ते ठरवणारं यंत्र) बाजूला ठेवून तेच काम सॉफ्टवेअरने त्याच कोअरवर करतं.